पणजीचं सोवळं, बहिणीचा करवा चौथ आणि संस्कृतीकरण: कुठला बदल कुठे बसतो?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. एमए सोशिऑलॉजीचा विद्यार्थी, वडोदऱ्याच्या दांडिया बजारातलं जुनं मराठी घर, पणजी सोवळ्यात स्वयंपाक करायची, आजीने सोवळं सोडलं पण उपास वाढवले, आई बँकेत, बहीण आयटीत, आणि लग्न झाल्यावर बहिणीने करवा चौथ धरला जो घरात आधी कोणी केला नव्हता. मग ह्यातलं संस्कृतीकरण (वर चढण्यासाठी वजनदार जातीच्या रीती उचलणं) कुठलं, पाश्चात्त्यीकरण (इंग्रजांकडे बघून बदलणं) कुठलं, आधुनिकीकरण (शिक्षण, नोकरी, यंत्रं ह्यांनी येणारा बदल) कुठलं? व्याख्या पाठ आहेत पण घरावर लावायला गेलं की एकही बसत नाही, आणि संस्कृतीकरण ही कल्पना आता आउटडेटेड झाली का, असं विचारलंयस.

बसत नाही कारण तू माणसांना खान्यात टाकतोयस. ही नावं माणसांची नाहीत, घराण्यांची पण नाहीत, एखादा गट कोणाकडे बघून स्वतःला बदलतोय त्या दिशेची आहेत. त्यामुळे मी वर्गात व्याख्या नंतर द्यायचे, आधी तीन गोष्टी विचारायला लावायचे: हे लोक कोणाकडे बघतायत, तसं केल्याने त्यांना काय मिळणार आहे, आणि त्याची किंमत घरातलं कोण मोजतंय. तिसरा प्रश्न पुस्तकात नसतो बहुतेक, पण माझ्या अनुभवात निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

आता आपल्याच गावापासून सुरू करू, कारण ह्या विषयाचं अर्धं बाळंतपण वडोदऱ्यातच झालंय आणि इथल्याच मुलांना ते माहीत नसतं. संस्कृतीकरण हा शब्द रूढ करणारे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९५१ मध्ये एम. एस. युनिव्हर्सिटीत आले, सोशिऑलॉजीचा विभाग त्यांनी उभा केला आणि १९५९ मध्ये दिल्लीला गेले. कूर्गवरचं त्यांचं पुस्तक १९५२ चं आणि संस्कृतीकरण-पाश्चात्त्यीकरणावरचा तो प्रसिद्ध लेख १९५६ चा, म्हणजे दोन्ही ते इथे असतानाचे. आधी त्यांनी ब्राह्मणीकरण असाच शब्द वापरला होता, मग लक्षात आलं की खालच्या जाती दर वेळी ब्राह्मणांचीच नक्कल करतात असं नाही, कुठे राजपुतांची करतात, कुठे व्यापाऱ्यांची, ज्या भागात जे वजनदार असतील त्यांची. ही दुरुस्ती मुलं एका ओळीत उरकतात, पण सगळा मुद्दा तिथेच आहे. आदर्श कोण हे पोथी ठरवत नाही, त्या भागात जमीन, पैसा, सत्ता कोणाकडे आहे त्यावर ठरतं. वर्चस्व असलेली जात ही कल्पना त्यांनी त्याच काळात मांडली, ती ह्याच्याशी जोडूनच वाचायची. आणि दुसरी गोष्ट, संस्कृतीकरणाने जातीची जागा बदलते, जातिव्यवस्था नाही. एक पायरी चढला म्हणून जिना मोडत नाही.

आता राजवाड्यात चल. सयाजीराव तिसरे, मालेगावजवळच्या कवळाण्याचा शेतकऱ्याघरचा मुलगा, १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसलेला. १८९६ च्या सुमारास त्यांनी राजवाड्यातले विधी वेदोक्त, म्हणजे वेदमंत्रांनी, करायला लावले. त्याआधी पुरोहित ते पुराणोक्त, म्हणजे वेदमंत्रांऐवजी पुराणातल्या मंत्रांनी, करायचे, म्हणजे राजा असला तरी मराठा, आणि ब्राह्मणांच्या हिशोबात क्षत्रिय नाही. कोल्हापूरचं शाहू महाराजांचं वेदोक्त प्रकरण सगळ्यांना माहीत असतं, बडोद्याचं त्याच्या आधीचं. आता व्याख्या लाव. वेदमंत्रांचा हक्क मागणं, क्षत्रियत्व सांगणं, हे शंभर टक्के संस्कृतीकरण. पण हाच माणूस १९०२ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा करतो, १९०४ मध्ये बालविवाहाविरुद्ध, १९०६ मध्ये सगळ्या राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण, ज्याचा प्रयोग अमरेलीत १८९३ पासून चालू होता, आणि १९१५ मध्ये पुरोहितांनीच परीक्षा देऊन परवाना घ्यावा असा कायदा. हे कुठल्या खान्यात? तारखा बघ, काही वर्षांच्या अंतराने एकाच दरबारात दोन्ही चालू आहे. आधी संस्कृतीकरण, मग पाश्चात्त्यीकरण, मग आधुनिकीकरण असा क्रम गाइडवाले छापतात आणि पोरं पेपरात लिहितात, तो प्रत्यक्षात कुठेच सापडत नाही.

पडद्याचं तर अजून मजेशीर. सयाजीरावांच्या पत्नी चिमणाबाई महाराणींनी पडदा सोडला, त्या पुढे १९२७ मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षा झाल्या. म्हणजे सगळ्यात वरचं घर गोषा सोडत होतं आणि त्याच काळात कुलीन म्हणवून घ्यायचं असलेली मराठा घरं बायकांना गोषात बसवत होती आणि विधवेचा पाट बंद करत होती. श्रीनिवासांनी हेच सांगितलंय, वरचे लोक इंग्रजांकडे बघून जे सोडतात तेच खालचे वर येण्यासाठी उचलतात. मात्र ह्या चढण्याची किंमत कोणी मोजली ते बघ. जिचं दुसरं लग्न होऊ शकत होतं तिचं आता होणार नाही, जी बाजाराला जायची ती आता जाणार नाही, आणि मान कुळाचा वाढला.

आणि कायद्याने किती बदलतं ह्याचं उत्तर पण इथेच आहे. सयाजीरावांनी शिष्यवृत्ती देऊन आंबेडकरांना १९१३ मध्ये अमेरिकेला पाठवलं, १९१७ मध्ये ते संस्थानाच्या नोकरीसाठी इथे आले, ऑफिसातले शिपाई लांबून फायली टाकायचे, राहायला घर कोणी देईना, पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकललं, आणि ते कमाटी बागेत जाऊन बसले. राजा सुधारक होता, डिग्री कोलंबियाची होती, हुद्दा दरबारातला होता, तरी खोली मिळाली नाही. म्हणून शिक्षण वाढलं की जात आपोआप जाते असं वाक्य उत्तरपत्रिकेत दिसलं की मी समासात फक्त १९१७ लिहायचे.

आता पाटीदार. हे उदाहरण मी सगळ्यात जास्त ताणते, कारण गुजरातेतल्या मराठी माणसाला ते शेजारीच दिसतं आणि त्याचा आरसा आपल्याकडे पण आहे. मूळचे कणबी, शेतकरी. मध्य गुजरातच्या चरोतरात जमीन चांगली, तंबाखू, पुढे आफ्रिकेतला पैसा, आणि गावाचा महसूल गोळा करायची पाटीदारी ज्यांच्याकडे ती घराणी हळूहळू वेगळी झाली. नडियाद, करमसद, वसो, सोजित्रा, भादरण, धर्मज ही सहा गावं सगळ्यात वरची, छ गाम म्हणतात, त्यातली काही तर बडोदे संस्थानातलीच. विधवेचं नातरं, म्हणजे दुसरं लग्न, त्यांनी बंद केलं, मुलगी वरच्या गावात द्यायची म्हणून हुंडा वाढत गेला, आणि खेडा भागातल्या लेवा कणब्यांवर इंग्रजांना १८७० चा मुलींच्या हत्येविरुद्धचा कायदा लावावा लागला. परत तेच, चढण कुळाची आणि किंमत पाळण्यातल्या मुलीची. मग खालच्या गावांनी वैतागून आपापसातच लग्नं करायचे एकडे बांधले, म्हणजे आमची मुलगी वर जाणार नाही, तुमची पण इथेच द्या. १९३१ च्या जनगणनेपर्यंत सरकारी कागदात पण कणबीचं पाटीदार झालं.

जनगणनेचा इथे मोठा हात आहे, तो विसरू नकोस. १९०१ ला जनगणना आयुक्त रिस्लेने जातींची सामाजिक उतरंड लावायचा घाट घातला आणि देशभर जातिसभांचे अर्ज सुरू झाले, आम्हाला क्षत्रिय लिहा, आम्हाला वैश्य लिहा. म्हणजे चढायचा जिना पुरोहिताच्या हातातून थोडा कलेक्टरच्या कचेरीत आला. संस्कृतीकरण ही काही फार प्राचीन शांत देशी प्रक्रिया आणि पाश्चात्त्यीकरण ही बाहेरून आलेली, अशी वाटणी करता येत नाही ती ह्यामुळे. छापखाना, रेल्वे, जनगणना हे सगळं इंग्रजी राज्यात पसरलं आणि लोकांनी त्याचा पहिला उपयोग वर्ण वाढवून घ्यायला केला.

पुढे बघ. १९८१ आणि १९८५ मध्ये गुजरातेत आरक्षणाविरुद्ध जी आंदोलनं झाली त्यात पाटीदार पुढे होते. आणि २०१५ मध्ये तेच लाखोंनी अहमदाबादच्या मैदानावर, आम्हाला ओबीसीत घ्या म्हणून. तीन पिढ्यांपूर्वी कणबी म्हटलेलं ज्यांना लागायचं ते आता मागास लिहून घ्यायला तयार. आपल्याकडे बघ, एकेकाळी वेदोक्तासाठी भांडणारा मराठा समाज २०१६ मध्ये मोर्चे काढतो, २०१८ चा कायदा सुप्रीम कोर्ट २०२१ मध्ये रद्द करतं, आणि २०२३ मध्ये मागणी काय, तर आमच्या पणजोबांच्या दाखल्यात कुणबी लिहिलंय ते शोधा आणि सर्टिफिकेट द्या. काही अभ्यासक ह्याला उलटं संस्कृतीकरण वगैरे म्हणतात, मला ते नाव आवडत नाही, कारण ह्यात उलटं काहीच नाही. तेव्हा क्षत्रिय असण्याने मान, लग्नाचा बाजार, दरबारातली जागा मिळायची, म्हणून तिकडे बघितलं. आता शेती परवडत नाही, नोकरी आणि मेडिकलची सीट सरकारच्या यादीतून मिळते, म्हणून यादीकडे बघतायत. लग्न जमवताना मात्र अजून शहाण्णव कुळीच लागतं हो, ते सर्टिफिकेट कपाटात. दोन्हीकडे एकदम बघता येतं, माणसाला त्यात काही अडचण वाटत नाही, अडचण आपल्याला पेपर तपासताना वाटते.

ह्यालाच राजकारणाची बाजू पण आहे. रजनी कोठारी आपल्याच युनिव्हर्सिटीत पॉलिटिकल सायन्स शिकवायचे, त्यांनी आणि रुषिकेश मारूंनी १९६५ मध्ये गुजरात क्षत्रिय सभेचा अभ्यास छापला. राजपूत आणि बारैया-कोळी ह्यांना एकाच क्षत्रिय नावाखाली आणलं, बारैयांना मान मिळाला आणि राजपुतांना संख्या. आता हे संस्कृतीकरण का निवडणूक? दोन्ही, आणि दुसरं नसतं तर पहिलं राजपुतांनी होऊ दिलं नसतं. १९८० मध्ये माधवसिंह सोळंकींचं खाम (क्षत्रिय, हरिजन, आदिवासी, मुस्लिम) हे मतांचं समीकरण ह्याच पायावर उभं राहिलं.

एक सावधगिरी. दिसायला संस्कृतीकरण, आतून भलतंच, असं खूप असतं. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातच्या आदिवासींमध्ये देवी आली, सोनगढ-व्यारा हा बडोदे संस्थानाचा भाग त्यात होता. अंगात आलेली देवी सांगायची दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा. सरळ संस्कृतीकरण वाटतं ना? पण ती हेही सांगायची की पारशांकडे कामाला जाऊ नका, आणि पारशी म्हणजे तिथले दारूचे ठेकेदार, सावकार, जमिनी गिळणारे. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी ह्यावर मोठं काम केलंय. दारू सोडणं हे उच्चवर्णीयांची नक्कल जेवढं होतं तेवढंच ज्याच्या कर्जात बुडालोय त्याचा गल्ला बंद करणंही होतं. नुसतं काय सोडलं ते लिहून घेऊन घरी आलास आणि कोणाकडून विकत घ्यायचे ते विचारलं नाहीस तर हा अर्थ हातून जाईल.

तसंच २०१७ मध्ये गांधीनगरजवळ लिंबोदरा गावात दलित मुलांना मिशी ठेवली म्हणून मारलं. घोड्यावरून वरात काढली म्हणून तर दर वर्षी कुठे ना कुठे मारहाण होते. मिशी, घोडा, नावापुढे सिंह, हे पाटीदार किंवा बारैयाने उचललं की आपण संस्कृतीकरण लिहितो आणि पुढे जातो. दलित मुलाने उचललं तर तो वर चढायची परवानगी मागत नाहीये, तुझ्याइतकाच मी आहे म्हणतोय, आणि म्हणून समोरचा चिडतो. आंबेडकरांनी १९५६ मध्ये बौद्ध धर्म घेऊन ह्या सगळ्या जिन्याकडेच पाठ फिरवली. आग्र्याच्या जाटव ह्या दलित जातीने आधी क्षत्रिय असल्याचा दावा केला होता, तो सोडून ते बुद्धाकडे आणि मतपेटीकडे वळले. संस्कृतीकरणाच्या कल्पनेवरची खरी टीका ही आहे, ती जुनी झाली ही नव्हे: सगळे वरच बघतात असं ती गृहीत धरते, आणि वर बघितल्यावर वरचे काय करतात ते सांगत नाही.

आता तुझ्या घरात येऊ. पणजीचं सोवळं गेलं ते कोणी इंग्रजी पुस्तक वाचून गेलं नाही. आजवा तलावाचं पाणी नळाने घरात आलं, पुरुष ऑफिसात कोणाकोणाच्या शेजारी बसून डबे खायला लागले, पोळीला बाई ठेवली, धाकट्या सुना नोकरीला लागल्या आणि सकाळी साडेनऊला ओलेत्याने स्वयंपाक कोण करणार? श्रीनिवासांनी ह्याला लौकिकीकरणाखाली घेतलंय, विटाळाची जागा हळूहळू स्वच्छता घेते. कामवालीचा कप वेगळा ठेवतात आणि कारण सांगतात जंतू. हे गेलं का बदललं, तूच ठरव. आजीचे उपास वाढले त्याचंही नवल नको. सोवळं रोजचे चार तास खातं, उपास नोकरीवाल्या घरात बसतो. मार्गशीर्षातले गुरुवार, वैभवलक्ष्मी, ह्यांच्या पोथ्या स्वस्तात छापून आल्या, भटजी लागत नाही, घरातली बाई स्वतः वाचते, ह्यात तिला एक स्वतंत्र जागा पण मिळाली. मी स्वतः ह्या व्रतांची फार भक्त नाही, पण त्यांना नुसतं अंधश्रद्धा म्हणून झटकणाऱ्या प्राध्यापकांचा मला जास्त कंटाळा येतो.

आईची बँक आणि बहिणीचं आयटी हे आधुनिकीकरण, बरोबर, पण त्यावरून डोकं पण आधुनिक झालं असं लिहू नकोस. श्रीनिवासांनी अभ्यास केलेल्या रामपुरा गावात सरकारी बुलडोझर चालवणारा एक ड्रायव्हर होता, यंत्र चालवण्यात पटाईत आणि फावल्या वेळात जादूटोणा करायचा. त्यांनी मुद्दाम ही गोष्ट दिलीय, तंत्र आलं म्हणजे दृष्टी आली असं नाही. पॅकेज बघून पत्रिका जुळवणारं ॲप वापरणाऱ्या पिढीला हे वेगळं समजवायला नको.

करवा चौथ मात्र तुझ्या कुठल्याच व्याख्येत बसत नाही हे खरं, आणि तिथे तू बरोबर अडकलायस. इथे जात वर चढत नाहीये, इंग्रजांकडे पण कोणी बघत नाहीये. मराठी मुलगी टीव्ही, सिनेमा आणि सोसायटीतल्या उत्तर भारतीय शेजारणींकडे बघतेय. साठच्या दशकापासून रिफायनरी, खतांचा कारखाना, मग पेट्रोकेमिकल्स आले, वडोदऱ्यात सगळ्या देशातले लोक आले, अलकापुरी-गोत्रीच्या फ्लॅटमध्ये एका मजल्यावर चार प्रांत. लहान भागातली रीत देशभर पसरणं ह्याला मानववंशशास्त्रज्ञ मॅककिम मॅरियट यांनी १९५५ मध्ये सार्वत्रीकरण म्हटलं होतं, पण त्यांनी अभ्यासलेल्या किशनगढी गावात ते पोथीतून आणि पुरोहितांतून व्हायचं, आता ते बाजारातून होतं. गरब्याचंच बघ. मातीच्या घड्यात दिवा, पोळेतल्या, म्हणजे जुन्या मोहल्ल्यातल्या, बायका, गल्लीची माता, आता मोठं ग्राउंड, पास, स्पॉन्सर, आणि डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत. दुसऱ्या बाजूने आपला गणपती इथल्या गुजराती मंडळांनी असा उचललाय की दांडिया बजारच्या मराठी मंडळांपेक्षा त्यांच्या मूर्ती मोठ्या. (सेव उसळीचं तर बोलायलाच नको, उसळ आपली, वरची मूठभर सेव त्यांची, आणि आता दोघंही ती वडोदऱ्याची म्हणतात.) ह्यात कोण वरचा कोण खालचा? इथे प्रतिष्ठा जातीची नाही, मध्यमवर्गाची आहे, आणि बघणं वर नसून आडवं आहे. तरी तिसरा प्रश्न इथेही विचार, दिवसभर पाणी न पिता लॅपटॉपसमोर कोण बसतं. आणि दुसरा पण विचार, कदाचित तिला त्यात मैत्रिणी, साडी, फोटो आणि नवऱ्याने लवकर घरी येणं मिळत असेल, तेही मिळणंच आहे.

तर आउटडेटेड झाली का? नाही, पण एकटीने पुरत नाही. जिथे जातीची पायरी अजून मान देते, म्हणजे लग्न, गावातली देवळं, नावं आणि आडनावं, तिथे ती आजही चालते. जिथे सरकारची यादी आणि बाजार मान देतात तिथे दुसरी हत्यारं घे.

डिझर्टेशनसाठी एवढंच सांगते. लोकांना का बदललं असं विचारू नकोस, सगळे म्हणतात जमाना बदलला. साल विचार, खर्च विचार, घरात नळ कधी आला, गॅस कधी आला, लग्नात पहिल्यांदा बुफे कधी झालं. जुन्या लग्नपत्रिका माग, आडनाव, कुळ, कोणाकोणाची नावं निमंत्रकांत, संगीत-मेहंदी पत्रिकेत कधी शिरलं, सगळं तारखेसकट मिळतं. पाटीदार किंवा राजपूत घरं घेतलीस तर वंशावळी लिहिणाऱ्या वहीवंचा बारोटांकडे जा, त्यांच्या वह्यांवर ए. एम. शाह आणि आर. जी. श्रॉफ यांनी १९५८ मध्येच लिहून ठेवलंय. बारोट यजमानाला वर चढवून लिहितो, राजपूत कुळाशी नेऊन जोडतो, हे लक्षात ठेवून वाच, पण खोटी म्हणून टाकून देऊ नकोस. वंशावळ कोणाशी जोडलीय ह्यावरूनच ते लोक त्या वेळी कोणाकडे बघत होते ते कळतं.